गच्चीवरचं ऊन

सप्टेंबर लागला की माझ्या दुकानात कोट यायला लागतात.

दुकान म्हणजे काय, चौकातला एक जुना तबेला. पुढे पुस्तकं, मागे कपडे, मधे मी. सगळा वापरलेला माल. उन्हाळ्यात इथे घर घेऊन आलेली आमची इंग्रज मंडळी खोकी उपसत उपसत तळाशी पोचतात. तिथे हिवाळ्याचे कोट निघतात, आणि ते हसत हसत माझ्याकडे आणून टाकतात. प्रत्येकाला वाटतं, हा विनोद आपणच पहिल्यांदा करतोय: "घे गं लॉर्ना. स्पेनमध्ये याचं काय लोणचं घालायचंय?"

मी कोट घेते, मागे टांगते आणि नोव्हेंबरपर्यंत विकत नाही. कबरींवर फुलं वाहायचा, सगळ्या संतांचा सण होतो, दफनभूमीतल्या शेवंत्या सुकतात, आणि मग ही मंडळी एकेक करून दारात उभी राहतात. कोट हवाय असं कुणी म्हणत नाही. एकाला कुत्र्याच्या टोपलीत घालायला काहीतरी जाडसर हवं असतं. एकीचा भाऊ येणार असतो आणि त्याला मेला गारठा सोसत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक तर नाटकात पोलिसाचं काम मिळालंय म्हणून स्वतःचाच कोट परत घेऊन गेला. मार्च संपेपर्यंत त्याचं नाटक चाललं होतं.

त्या वर्षी ग्लेंडानं मॉरिसचा कोट आणला. वजनदार, आतून मेंढीची लोकर, खिशांच्या कडा हात घालघालून गुळगुळीत झालेल्या. मॉरिसनं उभा जन्म इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या धक्क्यावर, बर्फात मासळी चढवण्या-उतरवण्यात घालवला होता. कोट नाकाशी नेला तर त्या मासळीचा वास अजून येत होता.

"आता कशाला लागतोय हा," ग्लेंडा म्हणाली. सत्तरीची, ठेंगणी, चालताना कायम कुठेतरी निघाल्यासारखी. "अगं, काल आम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून झोपलो."

"राहू दे की घरात. कोट काय खायला मागतोय?"

"नको. मॉरिस म्हणतो, त्याच्याकडे बघितलं तरी गुडघे दुखतात."

मी कोट घेतला. अगदी मागच्या खुंटीला टांगला.

त्यांचं घर मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. आमचं गाव ओढ्याच्या दोन्ही अंगांना चढत गेलंय. एक अंग उन्हाचं, एक सावलीचं. नोव्हेंबर आला की सूर्य डोंगराच्या आडूनच सरकत जातो आणि सावलीकडच्या घरांना पार बदाम फुलेपर्यंत ऊन दिसत नाही. दलालानं घर दाखवलं ते जुलैत. आधी दोघांना बाहेर चांगलं भाजून काढलं, मग आत नेऊन म्हणाला, भिंतीला हात लावून बघा. ग्लेंडानं हात नाही, गाल लावला. घर तिथेच विकलं गेलं. ग्रिम्सबीचं घर त्यांनी मोडलं, त्याचे पैसे या गार भिंतीत गेले.

आधीची मालकीण रेमेदियोस. ती संतांचा सण झाला की गादी, रेडिओ आणि कोंबड्या घेऊन वरच्या, उन्हाकडच्या आळीत बहिणीकडे राहायला जायची, ती फेब्रुवारीत उतरायची. त्या घरात हिवाळा कुणी काढलाच नव्हता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलं नाही.

"ते उन्हाळ्याचं घर आहे पोरी," एन्कार्ना मावशी मला म्हणाली होती. ती त्यांच्याच ओळीत खालच्या टोकाला राहते, पण तिचीही वरच्या आळीत एक खोली आहे. "त्यात हिवाळा काढायचा म्हणजे पोहायच्या कपड्यांत लग्नाला जाण्यासारखं आहे."

ऑक्टोबरनं त्यांना फसवलं. तो दरवर्षी कुणाला ना कुणाला फसवतोच. सकाळी धुकं, दुपारी बिनबाह्यांचे कपडे, आणि चार वाजले की कुणीतरी शटर ओढल्यासारखा गारठा. पुढच्या दिवशी पुन्हा लख्ख. मग एका आठवड्यात आकाश फाटलं. ओढा दगडगोटे घेऊन गावातून धावला, आणि त्या जाड गार भिंती पाणी प्यायल्या. एकदा प्यायल्या की त्या पाणी सोडत नाहीत.

नोव्हेंबरात ग्लेंडा दुकानात आली तेव्हा तिनं पुस्तकं चाळल्याचं नाटक बराच वेळ केलं.

"तो कोट... विकला असशील."

"कुठला?"

"मॉरिसचा. बागेत काम करताना घालायला हवा होता त्याला."

त्यांना बाग नव्हती. मी कोट काढून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आणि मग मटकन खाली बसली, पोरांच्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर.

"लॉर्ना, कपाटातल्या चपलांना हिरवे केस आलेत गं."

मग ती सांगतच राहिली. पलंगावर चादर टाकली तर अशी लागते की आत्ता कुणीतरी ओल्या अंगानं उठून गेलंय. गॅसची शेगडी लावली की खिडक्या रडतात. विजेची लावली आणि चहाची किटली चालू केली की घरातले दिवेच जातात, म्हणजे चहा तरी घ्या नाहीतर ऊब तरी. फरशीचा गारठा मोज्यातून, बुटातून, चटईतून वर येतो. पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढलीय, ती पुसली की दोन दिवसांत त्याच जागी, त्याच आकाराची.

"आणि मॉरिस?"

"खोकतोय. विचारलं की म्हणतो, अख्खा जन्म बर्फात काढलाय मी. आता स्पेनमध्ये कुडकुडणार का?"

एन्कार्ना मावशीनं त्यांना आपल्या घरी बोलावलं. तिच्याकडे गोल टेबल आहे, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि कापडाखाली निखाऱ्यांची परात. सगळ्यांनी भोवती बसायचं, कापड मांडीवर ओढायचं, पाय आत. इथली माणसं हिवाळाभर अशीच बसतात. वरून गप्पा मारतात, खालून शेकतात. मॉरिस मात्र खुर्ची मागे सरकवून ताठ बसला.

"म्हण त्याला, पाय आत घाल," मावशी मला म्हणाली.

"ती म्हणते, पाय आत घाल."

मॉरिसचे कान लाल झाले. "परक्या बाईच्या कापडाखाली?"

मी ते तसंच्या तसं सांगितलं. मावशी हसत हसत टेबलावरच कलली. "अरे बाबा, ऐंशी उलटली माझी. या कापडाखाली आता फक्त मांजर आहे!"

ग्लेंडाही हसली. डोळे पुसत हसली. मॉरिसनं शेवटी पाय आत घातले. थोड्या वेळानं त्याचा चेहरा सैल पडला, खोकला थांबला. इतका वेळ न खोकता मी त्याला त्या महिन्यात पाहिलं नव्हतं. मग मावशी म्हणाली, माझी वरच्या आळीतली खोली रिकामी आहे, फेब्रुवारीपर्यंत राहा, काही देऊ नका. मी सांगितलं. मॉरिसचे पाय लगेच बाहेर आले.

"स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या खोलीत? आम्ही काय निर्वासित आहोत?"

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट बोलणारी. दुभाषी मीच. तिनं मॉरिसची छाती पुढून-मागून ऐकली आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "हा माणूस त्या घरात हिवाळा काढू शकणार नाही. फुप्फुसं आधीच खराब आहेत. उबदार, कोरड्या जागी न्या याला. लवकर न्या."

"काय म्हणाली?" मॉरिस.

"उबदार, कोरड्या जागी जा म्हणतेय."

"मग आलोय की!" तो म्हणाला. "तिकडच्या डॉक्टरनंही हेच सांगितलं होतं. म्हणून तर आलो."

बाहेर आल्यावर ग्लेंडानं माझं कोपर घट्ट धरलं. मॉरिस पुढे चालत होता, मधे मधे थांबून दुकानांच्या काचांत बघितल्यासारखं करत होता. खरं तर दम घेत होता.

"शेरिलकडे मागची खोली आहे," ग्लेंडा हळूच म्हणाली. शेरिल त्यांची एकुलती एक लेक, नवऱ्याबरोबर, डंकनबरोबर, ग्रिम्सबीतच असते. "आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली होती, आई, ही खोली तुमची. त्या खोलीखालीच बॉयलर आहे लॉर्ना. मांजर उन्हाळ्यातसुद्धा तिथेच झोपतं. रविवारी मी तिला सांगणार. वसंतापर्यंत आम्हाला ठेवून घे म्हणून. तू येशील? मी अडखळले तर मला ढोस."

"मॉरिसला सांगितलंस?"

"त्याला विचारलं तर तो नाही म्हणणार. शेरिलनं ये म्हटलं तर जाईल. लेकीला तो नाही म्हणत नाही."

आता रविवारची गोष्ट सांगायला हवी. आमच्यात सगळे रविवारी घरी फोन लावतात, तोंड दिसणारा. आणि सगळे तो उन्हातून लावतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. ज्याच्या घरात जिथे ऊन पडतं तिथे खुर्ची मांडायची, स्वेटर काढून फोनला दिसणार नाही असा ठेवायचा, काळा चष्मा चढवायचा. मग पलीकडच्याला विचारायचं: "तिकडे पाऊसच का? अरेरे." या अरेरेसाठी आम्ही आठवडाभर कुडकुडतो. माझी बहीण होती तोवर मीही हेच करायचे.

मॉरिस-ग्लेंडाच्या घराला ऊन एकाच ठिकाणी होतं. गच्चीचा एक कोपरा. दोन डोंगरांच्या खिंडीतून दुपारी तिथे उन्हाचा एक पट्टा उतरायचा आणि भिंतीवर चढून निघून जायचा.

त्या आठवड्यात सतत पाऊस झाला होता. शनिवारी मॉरिसला ताप होता. रविवार मात्र असा उजाडला की आदल्या आठवड्याची शपथ घेतली तरी कुणी विश्वास ठेवला नसता. आकाश धुऊन वाळत घातलेलं.

मी गच्चीवर गेले तेव्हा दोन खुर्च्या त्या पट्ट्यात मांडलेल्या होत्या. मॉरिस कोट घालून बसला होता, कानटोपीसकट. फोन वाजला तसा त्यानं टोपी काढली, कोट काढला, खालचा स्वेटर काढला. आत फुलाफुलांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. त्याच्या दंडांवर काटा उभा राहिलेला मला दिसत होता. ग्लेंडानं लिंबाची चकती घातलेला पेला पुढ्यात ठेवला. मी कठड्याशी सावलीत बसले, फोनच्या नजरेबाहेर, पाय ग्लेंडाच्या पायाजवळ.

"हे बघा राजा-राणी!" शेरिलचा आवाज. तिच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीवर पाऊस. डोळ्यांखाली काळं. "बाबा, काय तो शर्ट! जळवताय ना मला?"

"तिकडे पाऊसच का?" मॉरिस म्हणाला.

"दुसरं काय असणार इथे."

"अरेरे."

मी ग्लेंडाला पायानं ढोसलं. तिनं घसा साफ केला. "शेरिल, मी काय म्हणत होते..."

"आई, थांब, आधी माझं ऐक. नाहीतर माझा धीर जाईल." शेरिल खुर्ची ओढून बसली. "डंकनची आई जिन्यात पडली. आता ती एकटी राहू शकत नाही. डंकन म्हणतो, मागच्या खोलीत आणू या. मी म्हटलं, ती खोली आईबाबांची आहे, त्यांना विचारल्याशिवाय नाही. म्हणून विचारतेय. तुमच्या मनात परत यायचं असेल, थोडंसं जरी असेल, हिवाळ्यापुरतं जरी असेल, तरी आत्ता सांगा. मी त्याला सांगेन, दुसरं काहीतरी बघू. मी भांडेन त्याच्याशी. फक्त खरं सांगा."

ओढ्यात अजून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

मॉरिसला खोकल्याची उबळ आली. त्यानं ती हसण्यात घातली. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. छाती फाटेल असं हसला तो. "परत? त्या पावसात? अगं, आम्ही इथे भाजून निघतोय पोरी!"

मी ग्लेंडाला ढोसलं. पुन्हा ढोसलं. तिनं माझ्याकडे नाही, मॉरिसकडे बघितलं. त्याच्या उघड्या दंडांकडे. ती बोलली असती तर त्या फुलाफुलांच्या शर्टासकट तो लेकीसमोर उघडा पडला असता. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिनं मला नंतर सांगितली. ऊन त्या वेळी तिच्या तोंडावर होतं. डोळे मिटले तर पापण्यांच्या आत सगळं केशरी. त्या क्षणी ती ओली चादर, ती काळी भिंत तिला खरीच वाटेना. "वाटलं, इतकं काही वाईट नाहीये गं. वाटलं, उगाच बाऊ करतेय मी."

"देऊन टाक तिला खोली," ग्लेंडा म्हणाली. "आम्ही काय करणार तिचं?"

शेरिलनं तोंडावर हात ठेवला. रडली की हसली, फोनवर कळलं नाही. "थँक्यू आई. तुला माहीत नाही, मी किती रात्री झोपले नाहीये."

मग ती सैल झाली आणि बोलतच सुटली. डंकनच्या आईचे पडदे, नातीची परीक्षा, शेजाऱ्यांचं कुंपण. तोवर ऊन सरकायला लागलं होतं. सावली आधी मॉरिसच्या खांद्यावर आली. त्यानं खुर्ची तसूभर ग्लेंडाकडे घेतली. सावली पुन्हा आली. त्यानं पुन्हा सरकवली. ग्लेंडानं फोन उजवीकडे नेला, स्वतः सरकली, तो तिच्या मागोमाग. खुर्च्या एकमेकींना चिकटल्या. आता पट्टा दोन तोंडांएवढाच उरला होता. दोघांनी डोकी एकमेकांना लावली, गालाला गाल, म्हणजे दोघंही उन्हात दिसतील.

"अगं बाई!" शेरिल म्हणाली. "बघा तरी कसे बसलेत. नवीन लग्न झाल्यासारखे! डंकन, ये ना, हे बघ!"

फोन बंद झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. मी उठून मॉरिसच्या अंगावर कोट टाकला. त्याचे दात वाजत होते.

"का बोललास तसं?" ग्लेंडानं विचारलं.

"तू तरी काय बोललीस?"

एवढंच. मग ते आतही गेले नाहीत, कारण आत आणखी गार होतं. उन्हाशिवायच्या उन्हाच्या जागी बसून राहिले. मी पेला उचलला. लिंबाच्या चकतीखाली साधं पाणी होतं, आणि इतकं गार की बोटं दुखली.

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या मिरवणुकीत उधळलेल्या गोळ्यांचे कागद अजून रस्त्यात पडलेले होते, तेव्हा मॉरिस गेला. त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं होतं. तिथे छान ऊब होती. नर्सला तो म्हणाला म्हणे, "इथे खोली भाड्यानं मिळते का?" आमच्याकडे गेलेल्या माणसाला फार वेळ ठेवत नाहीत. शेरिलला विमान मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ग्लेंडानंच तिला सांगितलं, आता येऊन काय करणार, तिकडे डंकनच्या आईला कोण बघणार?

दफनभूमी उन्हाच्या अंगाला आहे. शवपेट्या सरकवतात त्या भिंतीतल्या कोनाड्यांवर दिवसभर ऊन असतं; हात लावला तर दगड गरम लागतो. एन्कार्ना मावशीनं मॉरिसच्या दगडावर हात ठेवला, मग ग्लेंडाचा हात घेऊन त्यावर ठेवला. मला काही सांगावं लागलं नाही.

मावशीच्या वरच्या खोलीत ग्लेंडा गेली नाही. "मॉरिसनं नाही म्हटलं होतं," म्हणाली. घर विकायचं तर गिऱ्हाईक जुलैत मिळणार, भिंतीला गाल लावणारं. आणि विकून जायचं कुठे? ती आता मॉरिसचा कोट घालते. तो तिला घोट्यापर्यंत येतो. बाह्या दुमडल्यात, आतली लोकर बाहेर दिसते. दुकानात येते तेव्हा आधी कोट आत येतो, मग ती.

फेब्रुवारीत बदाम फुलले. सूर्य डोंगराच्या वर आला आणि तिच्या दारात ऊन पडायला लागलं, स्वयंपाकघरात, पलंगामागच्या त्या काळ्या भिंतीवरसुद्धा. तरी रविवारी ती गच्चीवरच जाते. मला बोलावते. आता ढोसायला नाही, कोट धरायला.

परवाच्या रविवारी फोन वाजला तेव्हा वारा होता. तिनं कोट काढून माझ्याकडे दिला आणि खुर्चीत बसली. एकच खुर्ची.

"आई, तू ये गं इकडे," शेरिल म्हणत होती. "बाहेरच्या खोलीत पलंग टाकू. होईल काहीतरी."

तिच्या मागून एका म्हातारीचा आवाज आला. "कोण आहे गं? मला शाल दे ना."

"आले हं!" शेरिल मागे बघून म्हणाली. मग पुन्हा फोनकडे. "येतेस ना?"

"नको गं," ग्लेंडा म्हणाली. "इथे बघ ना किती छान ऊन आहे. तिकडे पाऊसच का?"

"पाऊसच."

"अरेरे."

मी सावलीत उभी होते. कोटाच्या आतली लोकर तिच्या अंगाच्या उबेनं अजून गरम होती. तिच्या दंडांवर काटा आला होता आणि ती हसत होती, नातीची परीक्षा विचारत होती. मी कोट दोन्ही बाह्या धरून उघडा करून ठेवला, म्हणजे बोलणं संपलं की तिला नुसते हात घालता येतील.